मूत्रपिंडाचा विकार आणि मानेची शस्त्रक्रिया

मेंदूला रक्त पुरविणारी मानेतील कॅरोटिड धमनी आतील चरबीच्या थराने अरुंद झाली, की पक्षाघाताचे सावट पडते. शस्त्रक्रियेने तो थर काढता येतो. पक्षाघाताची पूर्वसूचना मिळालेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झालेल्या रुग्णांस तिचा लाभ किती, हे १९९१ साली उत्तर अमेरिकेतील चाचणीने दाखविले. दोन वर्षांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण केवळ औषधांवर २६ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के होते.

परंतु रुग्णाची मूत्रपिंडे अधू असतील तर? हा प्रश्न विरळा नव्हे. मधुमेह आणि रक्तदाब मूत्रपिंडे व धमन्या दोहोंनाही पोखरतात. अशा रुग्णास ‘धोका अधिक, शस्त्रक्रिया नको’ असे सांगणे शहाणपणाचे वाटते. परंतु त्याच चाचणीच्या २०१० मधील फेरपडताळणीने या समजुतीस धक्का दिला. मध्यम स्वरूपाचा मूत्रपिंडविकार असलेल्या चौघांवर शस्त्रक्रिया केली, की एक पक्षाघात टळत होता. मूत्रपिंडे ठीक असलेल्यांत त्यासाठी दहा जणांवर ती करावी लागे. ज्याला धोका अधिक, त्याला लाभही अधिक, असा याचा अर्थ. मात्र शस्त्रक्रियेच्या सुमारास हृदयविकाराच्या तक्रारी या रुग्णांत अधिक आढळल्या, हे विसरून चालणार नाही.

हा निष्कर्ष सरसकट ताणणेही तितकेच घातक ठरेल. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांना त्या चाचणीत स्थानच नव्हते. डायलिसिसवरील रुग्णास शस्त्रक्रियेचा धोका मोठा असतो आणि आयुर्मर्यादा तोकडी. त्यातून लक्षणे नसतील, तर जो लाभ पदरी पडण्यास काही वर्षे जावी लागतात, त्यासाठी आजचा धोका पत्करणे क्वचितच न्याय्य ठरते.

म्हणून निर्णयापूर्वी मूत्रपिंडांची खरी क्षमता मोजली गेली पाहिजे. केवळ क्रिएटिनिनचा आकडा पाहून भागत नाही. कृश वृद्धाच्या अंगी स्नायू कमी असल्याने तो फसवा ठरतो. वय व लिंग लक्षात घेऊन गाळणक्षमता काढावी, हृदय तपासावे, तपासणीसाठी टोचल्या जाणाऱ्या द्रव्याने मूत्रपिंडांस इजा होणार नाही याची दक्षता घ्यावी. आणि हा सारा हिशेब रुग्णापुढे त्याच्या भाषेत मांडावा. संमतीपत्रावर सही करणाऱ्यास तो समजून घेण्याचा हक्क आहे.