चेंडूगणिक भाव

१९९०च्या दशकात हिंगणघाट, पुलगाव, आर्वीत वाढलेल्या आमच्या पिढीला क्रिकेट आणि सट्टा जवळपास एकत्रच भेटले. पानठेल्यावर टीव्हीसमोर गर्दी असायची. बाजूला फोनवर भाव यायचा आणि वहीत लगवाडी-खायवाडी, म्हणजे पैसे लावणारे आणि ते घेणारे यांचा हिशेब, चढायची. व्यवहार तोंडी आणि उधारीचा. घरी कळायचं तेव्हा कापसाचा चुकारा गेलेला असायचा.

कापूस आणि जुगाराचं नातं जुनंच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत आकडा लागे. १९६०च्या दशकात त्यातूनच मटका उभा राहिला. सट्टा पुढे क्रिकेटमध्येही शिरला. एप्रिल २०००मध्ये दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं मॅच फिक्सिंगचं प्रकरण फुटलं आणि ज्या खेळावर आम्ही जीव टाकला, तो मैदानातही विकला जातो हे कळलं.

महाराष्ट्रात लागू असलेला जुगारबंदीचा कायदा १८८७चा आहे. २०२५मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आणली. तिचं स्वागत. पण आज सट्टा पोराच्या मोबाइलवर येतो. शेजाऱ्यालाही तो दिसत नाही. म्हणून आई-वडिलांनो, शिक्षकांनो, कर्जात अडकलेल्या मुलाला आधी जवळ घ्या, त्याचं ऐका. भीतीपोटी तो गप्प राहिला, तर कर्ज वाढतच जाईल.