इटालियनचा तास वाया जात नाही

ऑस्ट्रेलियात, विशेषतः व्हिक्टोरिया राज्यात, अनेक प्राथमिक शाळांमध्ये इटालियन शिकवली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या स्थलांतरितांमुळे ती तिथे रुजली, पण ती पिढी आता सरत चालली आहे. घरी इटालियन बोलणारे २००१च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या आसपास होते. २०२१मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. अशा वेळी ‘इटालियन कशाला, मँडरिन शिकवा’ असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी पालकांनाही हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. तरीही शाळांनी हा तास मोडीत काढू नये. प्राथमिक शाळेतल्या दुसऱ्या भाषेची खरी कमाई म्हणजे मुलाला भाषेकडे सजगपणे पाहता येणे, आणि ती बोलणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसते.

याचा पुरावा ऑस्ट्रेलियातच आहे. येलंड, पोलार्ड आणि मर्क्युरी यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांच्या एका गटाला आठवड्याला जेमतेम तासभर इटालियन शिकायला मिळत होती. चित्रातल्या वस्तूचे नाव मोठे की छोटे, हे मुलांनी सांगायचे होते. इंग्रजीत एवढ्या मोठ्या आगगाडीला ‘ट्रेन’ हा चिमुकला शब्द आणि बोटभर सुरवंटाला ‘कॅटरपिलर’ हा लांबलचक. म्हणजे वस्तू बाजूला ठेवून शब्दाकडे पाहणे आले. काही महिन्यांतच इटालियन शिकणारी मुले यात पुढे गेली. पुढच्या इयत्तेत इतरांनी त्यांना गाठले खरे, पण तेव्हा इंग्रजी शब्द वाचण्यात इटालियनवाली मुले सरस ठरली.

मग मँडरिन का नको? तीही उत्तम भाषा आहे. प्रश्न हाताशी असलेल्या वेळेचा आहे. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांना शिकवणारी सरकारी संस्था मँडरिनसाठी सुमारे २२०० तास धरते, इटालियनसाठी साधारण त्याच्या एक तृतीयांश. शिवाय इटालियनचे लेखन उच्चाराला धरून चालते. ‘कॅट’, ‘केक’, ‘कार’ आणि ‘बॉल’ या इंग्रजी शब्दांत रोमन लिपीतले पहिलेच अक्षर चार वेगवेगळे उच्चार घेते. इटालियनमध्ये त्याचा उच्चार ‘आ’च राहतो. त्यामुळे नवशिक्या मुलालाही वाक्य वाचण्याचा आनंद लवकर मिळतो. मराठी घरांनी या तासाला मराठीचा प्रतिस्पर्धी समजू नये. शब्द ऐकून त्याची फोड करण्याची सवय बाराखडी शिकतानाही उपयोगी पडेल. आठवड्याच्या एका तासात कुणी अस्खलित बोलू लागत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे तास वाढवणे आणि प्रशिक्षित शिक्षक नेमणे. जे थोडक्यात एवढे देते, त्याला शाळांनी आणखी वेळ द्यायला हवा.