कॉम्प्युटर घरघरतोय? आधी धूळ झाडा

जयपूरमध्ये मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि भर दुपारी लख्ख असलेले आभाळ संध्याकाळी बघता बघता पिवळे होते. 'आंधी' आली, असे म्हणत घरोघरी खिडक्या-दारे लावण्याची धावपळ उडते. तरीही बारीक धूळ फटींतून आत शिरतेच. गृहिणी टेबल पुसते, टीव्ही पुसते, देव्हारा पुसते. पण टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पेटीत किती धूळ साचली आहे, इकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मग एक दिवस ती पेटी पिठाच्या गिरणीसारखी घरघरू लागते आणि 'आता नवा कॉम्प्युटर घ्यावा लागणार' अशी चर्चा सुरू होते. थोडे थांबा! बहुतेक वेळा दुखणे पंख्याचे असते.

या शहरात १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी हवामहल बांधला. त्याच्या शेकडो झरोक्यांतून वारा खेळता राहतो. कॉम्प्युटरच्या पेटीलाही असेच झरोके असतात. साधारणपणे पुढून थंड हवा आत येते आणि मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्यावर आणखी एक पंखा असतो. या पात्यांमध्ये धुळीचा थर बसला की उष्णता अडकते. पंखा अधिक जोराने फिरतो, म्हणून आवाज वाढतो. तेवढ्यानेही भागले नाही तर कॉम्प्युटर संथ चालतो आणि अखेर आपोआप बंद पडतो. दुकानाचा हिशेब किंवा मुलांचा प्रकल्प अर्ध्यावर असताना असे झाले, तर न साठवलेले काम गेलेच म्हणून समजा.

आवाज ओळखा

सतत 'सूंऽऽ' असा आवाज येत असेल तर धूळ साचली आहे, असे समजावे. 'खडखड' होत असेल तर एखादी वायर पात्याला घासत असावी किंवा स्क्रू सैल झाला असावा. चालू करताच 'घर्रर्र' होऊन थोड्या वेळाने आवाज कमी होत असेल, तर पंख्याचे बेअरिंग कोरडे पडले किंवा झिजले आहे.

सफाई अशी करा

वॉरंटी चालू असेल तर पेटी उघडू नका, आधी विक्रेत्याला विचारा. नसेल तर कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. पेटी गच्चीत किंवा व्हरांड्यात न्या आणि नाकावर रुमाल बांधा. बाजूचे झाकण उघडल्यावर आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते.

मऊ, कोरड्या ब्रशने पाती झाडा, मग छोट्या ब्लोअरने थोडे दुरून हवा मारा. त्या वेळी पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरा. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते. ओले फडके मुळीच वापरू नका. प्रोसेसरवरचा ठोकळा उचलू नका. तो काढला तर खालची उष्णतावाहक पेस्ट नव्याने लावावी लागते. वीजपुरवठ्याचा डबा तर कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते. त्याची धूळ बाहेरूनच उडवावी.

काही जण कोरड्या पंख्यात खोबरेल तेल सोडतात. ते थंडीत गोठते आणि त्यावर धूळ चिकटते. काही पंख्यांच्या मधले स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडता येतो, पण हा उपाय तात्पुरता आहे. बेअरिंग झिजले असेल तर पंखाच बदलावा. संपूर्ण कॉम्प्युटरच्या मानाने त्याची किंमत अगदी थोडी असते. दुकानात जुना पंखा सोबत न्या. आकार, व्होल्ट आणि पिनांची संख्या जुळली पाहिजे. नवा पंखा बसवताना हवेची दिशा दाखवणारा बाण पाहायला विसरू नका.

पुन्हा धूळ साचू नये म्हणून

पेटी जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवा आणि मागे भिंतीपासून जागा सोडा. कूलरच्या थेट झोतात ती ठेवू नका. दमट हवेने धुळीचा चिखल होऊन तो पात्यांना चिकटतो. कॉम्प्युटर चालू असताना त्यावर कापडी कव्हर घालू नका. उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि आंधीचे दिवस सरल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा सफाई करा. नागपूर, जळगाव किंवा सोलापूरच्या वाचकांनाही हे वेळापत्रक सोयीचे पडेल. आणि हो, पेटी उघडण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. पंखा बाजारात पुन्हा मिळेल, मुलांच्या लहानपणीचे फोटो मिळणार नाहीत.