हात आवरणारी दया



माझी भाची युगांडाहून परतली, त्या रात्री तिने आणलेली छायाचित्रे पाहावयास आमच्या घरी सारे आप्त जमले होते. अनाथ चिंपांझींच्या एका आश्रयस्थानी तीन आठवडे स्वयंसेवा करून ती आली होती. माझ्या आईने पहिलाच प्रश्न केला, "पिलू कडेवर घेतलेला फोटो कुठे आहे ग?"

तसा एकही फोटो नव्हता. होत्या त्या बादल्या, चिरलेल्या फळांचे ढीग, घासून काढलेली फरशी आणि तारेच्या कुंपणापलीकडे झाडीत दिसणाऱ्या काही काळ्या आकृती. भाची म्हणाली, "आजी, तीन आठवड्यांत मी एकालाही हात लावला नाही."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग कोणीतरी विचारले, "मग एवढा खर्च करून गेलीस कशाला?"

व्यापाऱ्याच्या घरात हा प्रश्न रास्तच आहे. खर्च झाला, तर पदरात काय पडले, हे विचारावेच लागते. मी त्या रात्री गप्प राहिलो. पण नंतर कित्येक दिवस दुकानातून घरी येताना तिला खोदून खोदून विचारीत राहिलो. त्या संभाषणांतून मला जे उमगले, ते आज आपल्यापुढे मांडीत आहे.

युगांडा हा देश आपल्या समाजाला परका नाही. पूर्व आफ्रिकेत पेढ्या थाटलेली कितीतरी जैन कुटुंबे होती. १९७२ साली इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडावयास लावले, तेव्हा भरली दुकाने जागीच टाकून त्यांना निघावे लागले. त्याच देशात, व्हिक्टोरिया सरोवरात, एंटेबे गावापासून सुमारे २३ किलोमीटर अंतरावर न्गाम्बा नावाचे एक बेट आहे. विषुववृत्त तेथून अगदी जवळ. बेटाचा विस्तार सुमारे १०० एकर. त्यांतील ९५ एकरांवर जंगल असून ते चिंपांझींचे आहे. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात माणसे राहतात. मध्ये विजेचे कुंपण. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून बाकी तिन्ही बाजूंना सरोवराचे पाणी हेच कुंपण. १९९८ साली १९ चिंपांझी आणून हे आश्रयस्थान सुरू झाले. आज तेथे पन्नासच्या आसपास आहेत.

हे चिंपांझी आले कोठून? येथे आपल्या व्यापाराचा पहिला नियम आठवावा: गिऱ्हाईक असते म्हणून माल बाजारात येतो. चिंपांझीची आई पिलाला चार-पाच वर्षे अंगावर पाजते आणि त्यानंतरही कित्येक वर्षे ते तिच्याच सोबतीने वावरते. ती जिवंत असेतो पिलू कोणाच्या हाती लागत नाही. म्हणून पिलू धरावयाचे, तर आधी आईला मारावे लागते. तिच्या मदतीला धावून येणारे टोळीतील इतरही मारले जातात. कधी शिकारी मांसासाठीच आईला मारतो आणि तिला बिलगलेले पिलू वरकमाई म्हणून विकतो. दूर शहरातला धनिक ते गोंडस पिलू विकत घेतो, तेव्हा त्याच्या पावतीवर आईचा जीव कोठेही लिहिलेला नसतो. पण किमतीत तो धरलेला असतो. पाच-सहा वर्षांत पिलू इतके दांडगे होते की घरात ठेवणे अशक्य. मग साखळी, मग पिंजरा. त्यांतील जे थोडे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती जिवंत लागतात, ते न्गाम्बासारख्या ठिकाणी पोहोचतात.

"मग मोठे झाल्यावर त्यांना परत रानात का सोडत नाहीत?" हा माझा प्रश्न. भाची म्हणाली, "मामा, रानातल्या टोळ्या परक्याला जिवे मारतात. शिवाय यांना माणसाची भीती उरलेली नाही. ते सरळ गावात शिरतील. आणि माणसाचे रोग घेऊन ते रानात गेले, तर तिथले चिंपांझीही मरतील." थोडक्यात, एकदा आईपासून तुटलेल्याला परतीची वाट जवळजवळ नसतेच. चिंपांझी पन्नास वर्षेही जगू शकतो. एक पिलू आत घेणे म्हणजे पन्नास वर्षांची हुंडी लिहून देणे होय.

आता तेथील दिवस कसा असतो ते ऐका. रात्री बहुतेक चिंपांझी जाळीच्या निवाऱ्यात, टांगलेल्या झोळ्यांवर निजतात. सकाळी त्यांना धान्याच्या पिठाची पातळ पेज मिळते, आपल्या आंबिलीसारखी. ती पिऊन ते रानात जातात. ते गेले की स्वयंसेवकांचे काम सुरू होते: निवारा झाडणे, विष्ठा काढणे, फरशी घासणे, पाण्याने धुणे. मग मुख्य भूमीवरून नावेतून आलेली फळे आणि भाज्या निवडणे, धुणे, चिरणे, मोजून वाटे करणे. सकाळी अकराच्या सुमारास आणि पुन्हा दुपारी कुंपणाजवळच्या मचाणावरून राखणदार ते अन्न पलीकडे फेकतात. सायंकाळी चिंपांझी आपणहून परततात, पुन्हा पेज पितात आणि झोळीत शिरतात. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशीही हेच.

अन्न बाहेरून का आणावे लागते, याचा हिशेब सोपा आहे. रानातल्या एका टोळीला हिंडावयास अनेक चौरस किलोमीटर जंगल लागते. ९५ एकर म्हणजे अर्धा चौरस किलोमीटरही नव्हे. तेवढ्या झाडीवर पन्नास पोटे भरू लागली, तर काही वर्षांत बेट बोडके होईल.

येथे भाचीची एक अडचण झाली. आमच्या घरात कंदमुळे शिजत नाहीत आणि तिच्यापुढे गाजरांची टोपली आली. ती मला म्हणाली, "पहिल्या दिवशी सुरी हातात घेऊन मी उभीच राहिले. मग वाटले, हा माझा आहार नाही, त्यांचा आहे. माझा नियम माझ्या ताटापुरता." तिचे बरोबर की चूक, हे मी ठरवीत नाही. वाचकांनी आपल्या घरी यावर बोलावे. पण स्वतःचे व्रत न मोडता दुसऱ्या जीवाची भूक त्याच्या दृष्टीने पाहणे सोपे नसते, एवढे मात्र मला जाणवले.

आता मूळ प्रश्न, हात न लावण्याचा. पाचव्या की सहाव्या दिवशी ती निवाऱ्याच्या बाहेरच्या बाजूने बादली घेऊन चालली होती. आत एक वयस्क मादी मागे राहिली होती. तिने जाळीतून बोटे बाहेर काढली आणि तळवा वर करून तशीच बसून राहिली. भाचीचा हात आपोआप पुढे झाला. मागून राखणदार इतक्या जोराने ओरडला की तिच्या हातून बादली पडली. "मला फार अपमान वाटला, मामा. मी इतक्या दुरून प्रेमाने आले आणि हा माणूस माझ्यावर खेकसतो!"

रात्री त्याच राखणदाराने तिला शांतपणे समजावले. प्रौढ चिंपांझीचे बळ माणसाहून अधिक. तो मनात आणील तर बोट तुटावयास क्षण पुरे. पण खरी भीती उलट बाजूची आहे. आपले साधे पडसे त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच तेथे येणाऱ्या स्वयंसेवकाला आधी क्षयाची तपासणी आणि लसींचे दाखले द्यावे लागतात. टांझानियातील गोंबे येथे जेन गुडाल यांनी १९६० साली चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. तेथेच १९६६ साली चिंपांझींमध्ये पोलिओची साथ पसरली. काही मेले, काही जन्माचे लुळे झाले. ज्या रोगाने आपली मुले पांगळी होत, त्यानेच तीही झाली.

गोंबेचीच आणखी एक गोष्ट आहे. चिंपांझी जवळ यावेत म्हणून गुडाल यांनी त्यांना केळी देण्यास आरंभ केला. हेतू शुद्ध होता. परंतु एका जागी आयते अन्न मिळू लागताच चिंपांझींची गर्दी वाढली आणि आपसांत मारामाऱ्या वाढल्या. तेव्हा केळी देणे पुष्कळ कमी करावे लागले आणि पुढे ते बंदच झाले. आयुष्य त्यांच्यासाठी वेचणाऱ्या बाईंनाही आपला देणारा हात मागे घ्यावा लागला.

हे ऐकताना मी अस्वस्थ झालो, त्याचे कारण सांगतो. भुसार मालाच्या व्यवहारानिमित्त मी नाशिकहून मुंबईला तीस वर्षे जात आलो आहे. कसारा घाटात गाडी थांबवून माकडांना बिस्किटांचे पुडे आणि केळी देणे हा माझा नेम होता. मुलांना मी सांगत असे, हे पुण्याचे काम आहे. एका पावसाळ्यात नेहमीच्या वळणावर आलो, तर रस्त्यावर एक माकडीण चिरडून पडली होती. तिचे पिलू कठड्यावर बसून ओरडत होते. बाजूला कोणीतरी फेकलेला बिस्किटांचा पुडा. तो माझा नव्हता. पण आदल्या आठवड्यात त्याच जागी मी तसाच पुडा फेकला होता. त्या दिवशी मी गाडी थांबवली नाही. घरीही कोणाला काही बोललो नाही. पिलू माझ्या ध्यानात राहिले, पण त्याचा आणि माझ्या पुण्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. तो भाचीने जोडून दिला, आणि तेही मला एका शब्दाने न दुखावता. रानातले पोटापुरते अन्न सोडून माकडे रस्त्यावर येऊन बसतात, ती आपल्या हाताची वाट पाहत. त्यांना रस्त्यावर बसावयास आपणच शिकवले.

मग जीवदया करावयाची नाही का? करावयाचीच, पण आपल्या पूर्वजांनी केली तशी. १८३४ साली मुंबईत पांजरापोळ उभी राहिली, ती पारशी, हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांच्या एकत्रित उद्योगातून. केवळ एखाद्याच्या मनात कळवळा आला, म्हणून अशी संस्था चालत नाही. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालाच्या सौद्यांवर लागा बसवून घेतला आणि त्या नियमित रकमेवर जनावरांचा चारा चालला. दया त्यांनी लहरीवर सोडली नाही; खतावणीत तिचे पान घातले. वर्ष बरे जावो की वाईट, त्या पानावर रक्कम पडलीच पाहिजे.

न्गाम्बाची आजची गरज तीच आहे. २०२० साली महामारीने पर्यटकांची ये-जा थांबली आणि बेटाच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटला. पेजेचे पातेले मात्र रोज चुलीवर चढवावेच लागले. तेथील माद्यांना गर्भनिरोधक दिले जाते, हे ऐकून माझ्या आईला वाईट वाटले. भाची तिला म्हणाली, "आजी, जागा मोजकी आहे. बेटावर एक पिलू जन्मले, तर बाहेर पिंजऱ्यात असलेल्या एखाद्या अनाथाला दार बंद होते." आई बराच वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते जन्मलेल्यांचे देणे आधी फेडताहेत."

वाचकहो, मला तीनच गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, विकत घेणारा हात आवरा. मोबाइलवर इवल्याशा परदेशी माकडाला दूध पाजणारी मुले दिसतात आणि आपल्याही सुखवस्तू घरांत तसा हट्ट होऊ लागला आहे. चिंपांझीचा आंतरराष्ट्रीय व्यापार तर करारानेच निषिद्ध आहे. आणि त्या कराराखालील इतर परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवरही आपल्या वन्यजीव अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन घातले आहे. पण कायद्याआधी मुलाला एवढेच विचारावे: याची आई कोठे आहे? दुसरी, घाटात गाडीची काच वर ठेवा. तिसरी, त्या वाटेवर जेवढे खर्चिले असते, तेवढे दरमहा जवळच्या पांजरापोळीच्या अथवा प्राणी-उपचार केंद्राच्या नावे टाका. आणि जमल्यास वर्षातून आठ दिवस तेथे जाऊन फरशी घासा. फोटो मिळणार नाही, याची तयारी ठेवून जा.

मी यंदा चोपडापूजनाच्या दिवशी नव्या वहीत तसे एक पान घातले आहे. कसारा घाटातून आता मी न थांबता जातो. नेहमीच्या वळणावर माकडे अजून गाडीकडे पाहतात, आणि माझा हात अजून शेजारच्या पिशवीकडे जातो. तो मागे घ्यावा लागतो. तीस वर्षांची सवय आहे. त्यांची आणि माझीही.