शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक की बोल्ट-ॲक्शन? न्यूझीलंडने काय ठरवलं?

दोन्ही रायफलींनी हरीण मारता येतं. खरा फरक दुसऱ्या गोळीत आहे.

बोल्ट-ॲक्शनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुढची गोळी आपोआप भरली जाते, फक्त पुन्हा ट्रिगर दाबायचा.

बंदी का आली?
१५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चमधल्या दोन मशिदींवर हल्ला झाला. हल्लेखोराकडे सेमी-ऑटोमॅटिक बंदुका होत्या. ५१ जणांचा जीव गेला. महिन्याभरातच संसदेने ११९ विरुद्ध १ मताने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घातली. दहापर्यंत गोळ्या मावणाऱ्या .२२ रिमफायर रायफलींना मात्र सूट मिळाली.

मग शिकारीचं काय?
न्यूझीलंडमध्ये हरणं मूळची नाहीत. बाहेरून आणलेली ही हरणं तिथलं जंगल खातात, म्हणून त्यांची शिकार कायदेशीर आहे. सेमी-ऑटोमॅटिकच्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही: जनावर जखमी होऊन पळालं किंवा कळप समोर असला, तर झटपट दुसरी गोळी उपयोगी पडते. त्यामुळेच उपद्रवी प्राणी मारणाऱ्या व्यावसायिकांना विशेष परवान्याची वाट ठेवली गेली.

हौशी शिकाऱ्याकडे बोल्ट-ॲक्शन राहिली. नेम धरून मारलेली पहिली गोळी नीट लागली, तर दुसरीची गरजच नसते. गर्दीवर गोळीबार करणाऱ्याचं गणित नेमकं उलटं असतं. कायद्याने रेषा तिथेच ओढली.