आपली टीम कुठली?

२०११ ला मी शाळेत होतो, पुणे वॉरियर्सचा कट्टर समर्थक. २०१३ नंतर टीमच गायब! २०१६ ला रायझिंग पुणे आली, २०१७ ची फायनल एका रननं हरली आणि दुकान बंद. २०१८ ला कावेरीच्या वादामुळे चेन्नईच्या मॅचेस गहुंज्यात आल्या, तर आम्ही पिवळे टी-शर्ट घालून हजर! च्यायला, स्टेडियम आहे की धर्मशाळा? (हिमाचलमधली नव्हे.)

"धंद्यात असंच चालतं रे," इति हापिसातले मित्र. मान्य. पण महाराष्ट्राची रणजी टीम कुठे पळालीये? याच गहुंज्यात २०१२ ला केदार जाधवने ३२७ ठोकले. १९४८ ला पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३! तिथे आपण सोडून जात नाही, आपण जातच नाही. मीही एकदाच गेलोय, तेही लंचपर्यंत.