कागदावरच्या युद्धनौका

दाजीबानपेठेतून समुद्र दिसत नाही, तरी आमच्या तरुण वाचकांची आरमारी लढाई संगणकावर रोज जुंपते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या खेळात ते अमेरिकेची ‘मोंटाना’ चालवतात. 16 इंची 12 तोफांच्या अशा पाच नौका मंजूर झाल्या होत्या. पण विमानवाहू जहाजांची निकड वाढली आणि 1943मध्ये त्या रद्द झाल्या. तोफा, चिलखत यांचा तपशील आराखड्यांत सापडतो. लढाईतली कामगिरी मात्र खेळ रचणाऱ्यांनाच ठरवावी लागते.

खेळांतून इतिहासाशी ओळख होणारे वाचक वाढत आहेत. म्हणून पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे या अंकात आम्ही तपासले आहे. आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांचा खेळ रचायचा तर तुम्ही कल्पनेला किती मोकळीक द्याल? जरूर कळवा.